‘साभार’ लिहिले की पुरते का?

मालवण तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गेली तीन वर्षे ते गावोगावच्या वृद्धांकडून ऐकलेल्या गजाली (गप्पांत रंगणाऱ्या गोष्टी), जुन्या दिवाळी अंकांतल्या कोकणच्या कथा आणि नामवंत लेखकांची वाक्ये समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करत आहेत. प्रत्येक मजकुराखाली लेखकाचे नाव आणि ‘साभार’ असे ते लिहितात; नाव ठाऊक नसेल तेथे ‘लेखक अज्ञात’. या खटाटोपातून त्यांना एक पैसाही मिळत नाही. गेल्या महिन्यात १९९६ साली दिवंगत झालेल्या एका कथालेखकांच्या कन्येने त्यांना कथा काढून टाकण्यास कळवले. ‘मी त्यांच्या वडिलांचे नाव विस्मरणातून वर काढतो आहे, यात माझी चूक काय, आणि नेमक्या किती ओळी घेतलेल्या चालतात?’ असे ते विचारतात.

उत्तर देण्यापूर्वी माझी मर्यादा सांगते. मी वकील नाही. चिपळुणात सव्वीस वर्षे एक छोटी प्रकाशनसंस्था आणि एक दिवाळी अंक चालवते, आणि या काळात संपादनाला लागला तेवढाच वेळ परवानगीची पत्रे लिहिण्यात, वारसांचे पत्ते शोधण्यात आणि काही वेळा दिलगिरी व्यक्त करण्यात गेला आहे. कायद्याचा जो भाग या व्यवहारात सतत लागतो, तो जाणकारांकडून समजून घेत गेले. प्रकरण नोटिशीपर्यंत गेले असेल, तर माझ्या उत्तरावर न थांबता वकिलाकडे जावे.

आपला प्रश्न वरवर ओळींच्या संख्येचा दिसतो. मुळात तो दोन वेगवेगळ्या देण्यांचा आहे. लेखकाचे नाव देणे हे एक देणे आणि मजकूर घेण्यासाठी त्याची संमती मिळवणे हे दुसरे. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यातही ही दोन वेगळ्या कलमांत आहेत: मजकुराच्या प्रती काढणे, तो लोकांपर्यंत पोहोचवणे, त्याचे भाषांतर किंवा रूपांतर करणे हे हक्क कलम १४ मध्ये, तर आपल्या लेखनावर आपले नाव सांगण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा हक्क कलम ५७ मध्ये. एक देणे फेडल्याने दुसरे फिटत नाही. शेजाऱ्याच्या कलमावरचे आंबे उतरवून पेटीवर त्याचेच नाव छापले, तर आपण नाव चोरले नाही इतकेच सिद्ध होते. यावर ‘आंबा गेला की झाड रिकामे होते, कथा तर लेखकाकडे राहतेच’ असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. ते अर्धे खरे आहे. कथा राहते, पण ती कोठे, कधी, कोणत्या रूपात आणि कोणाच्या शेजारी छापायची हे ठरवण्याची मुभा जाते. त्या कन्येच्या मनात वडिलांच्या कथांचा संग्रह काढण्याचे असेल, तर प्रकाशक तिला पहिला प्रश्न हाच विचारील की, या कथा फुकट वाचायला मिळत असताना पुस्तक कोण घेईल?

पैसे मिळत नाहीत, हा मुद्दा निरर्थक नाही, पण त्याचे वजन आपण समजता तेवढे नाही. नफ्यासाठी केलेले नाही असे दिसले तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. हक्काचा भंग झालाच नाही असे मात्र त्यामुळे ठरत नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. माझ्या पाहण्यातली बहुतेक प्रकरणे एका दूरध्वनीवर आणि एका प्रामाणिक पत्रावर मिटली. परंतु ‘मी कमावत नाही’ हे वाक्य चिलखतासारखे वापरू नये.

आता मुदत. लेखन कागदावर उतरले की प्रताधिकार आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, वर्तुळातला इंग्रजी अक्षराचा शिक्का लागत नाही, ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळही लागत नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती, १९९२ मध्ये ती साठ झाली. मालगुंडचे केशवसुत १९०५ साली गेले, त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत. पालगडचे साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळे झाले. त्यांची पुस्तके आज इतक्या प्रकाशकांच्या नावाने दिसतात त्यामागे हेच कारण आहे. रत्नागिरीत तेरा वर्षे स्थानबद्ध असलेले सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या लेखनाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे २०६० च्या अखेरपर्यंत वाट पाहावी लागेल. आपल्याला पत्र पाठवणाऱ्या कन्येच्या वडिलांचे लेखन याच हिशेबाने २०५६ संपेपर्यंत संरक्षित आहे. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या आणि खरा लेखक उघड न झालेल्या मजकुराची साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच छापल्या गेलेल्या लेखनाचीही तसेच. मोकळ्या झालेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती हाताशी असेल, तर एक सावधगिरी हवी: मूळ मजकूर मोकळा असतो, त्या आवृत्तीसाठी लिहिलेली प्रस्तावना, टिपा आणि काढलेली चित्रे मोकळी नसतात.

‘किती ओळी चालतात’ याचे आकड्यातले उत्तर कायद्यात नाही. कोणी चार ओळी सांगतात, कोणी शंभर शब्द, कोणी दहा टक्के. सर्वसाधारण वापरासाठी असे माप कोठेही दिलेले नाही. मोजून मर्यादा सांगणारी एक तरतूद आहे, पण ती शिक्षणासाठीच्या संकलनांपुरती: अशा संग्रहातला बहुतांश मजकूर प्रताधिकारमुक्त असावा, आणि एका प्रकाशकाने एकाच लेखकाचे पाच वर्षांत दोनहून अधिक छोटे उतारे घेऊ नयेत. आपले काम त्यात बसत नाही. आणि संख्येचा नियम असता तरी तो न्याय्य ठरला नसता. चारशे पानांच्या कादंबरीतल्या चार ओळी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. चारोळीतल्या चार ओळी म्हणजे अख्खे भांडे उचलून नेणे.

कायदा विचारतो तो प्रश्न संख्येचा नसून हेतूचा आहे. वैयक्तिक वापर आणि संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्त या कारणांसाठी उचित मर्यादेत मजकूर घेता येतो. उचित म्हणजे किती, हे प्रसंगावर ठरते. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका नाटकाच्या वादात तीन गोष्टी पाहाव्यात असे सांगितले होते: आपल्या भाष्याच्या तुलनेत घेतलेला मजकूर किती आणि किती मोलाचा आहे, तो कशासाठी घेतला, आणि आपली कृती मूळ कृतीशी स्पर्धा करील का. मी संपादनात यावरून एक घरगुती कसोटी लावते: माझा लेख वाचल्यावर वाचकाला मूळ पुस्तक उघडावेसे वाटेल की उघडण्याची गरजच उरणार नाही? गरज उरणार नसेल, तर मी जास्त घेतले आहे. एखाद्या कथेतली मालवणी बोली कशी वापरली आहे हे दाखवण्यासाठी आपण आठ-दहा ओळी उद्धृत केल्या आणि त्यावर दोन परिच्छेद लिहिले, तर ती समीक्षा होते. तेच वाक्य सूर्यास्ताच्या छायाचित्रावर ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवले (सूर्यास्तावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलीही मी पाहिली आहेत), तर त्यात भाष्य नसते, फक्त वाक्य असते.

एकेकट्या वाक्यांबाबत मी तरीही फार कडक नाही. कल्पनेवर, घटनेवर किंवा विषयावर कोणाचा हक्क नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. केवळ शीर्षकाला प्रताधिकाराचे संरक्षण मिळत नाही, असेही २०१५ च्या एका निकालात आले. घाटात रात्री गाडी थांबवणारी बाई ही कोणाची मालमत्ता नाही. तिच्यावर कोणीही कथा लिहावी. मोठ्या पुस्तकातले एखादे वाक्य उद्धृत केल्याने आपल्यावर संकट कोसळणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे, ती अशी की फिरणाऱ्या वाक्यांपैकी कित्येक त्या लेखकांची नसतातच. विनोदी वाक्य असले की ते पु. लं.च्या नावावर, हळवे असले की व. पुं.च्या, अशी वाटणीच जणू झालेली आहे. यात दोघांवर अन्याय होतो: ज्याने लिहिले त्याचे नाव पुसले जाते आणि ज्याने लिहिले नाही त्याच्या तोंडी सुमार वाक्ये घातली जातात. आमच्या अंकात पुस्तक, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक सांगता आल्याशिवाय कोणतेही अवतरण छापले जात नाही. या एका नियमाने निम्मी अवतरणे गळतात. पुस्तक मिळत नसेल तर जुन्या ग्रंथालयात जाऊन पाहावे. आमच्याकडे १८६४ पासूनचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, आपल्या भागातही शतकाजवळ पोहोचलेली वाचनालये आहेत.

‘लेखक अज्ञात’ याविषयी मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. २०१४ च्या अंकात एक लहानशी कथा आम्ही याच शब्दांखाली छापली. ती भ्रमणध्वनीवर फिरत फिरत आमच्यापर्यंत आली होती, आणि शोध घेतल्याचे समाधान मिळावे इतपतच शोध मी घेतला होता. अंक निघाल्यावर तीन आठवड्यांनी दापोलीकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचा दूरध्वनी आला. कथा त्यांची होती, बऱ्याच वर्षांपूर्वी एका मासिकात आलेली. मी मानधनाची भाषा सुरू केली, तेव्हा त्यांनी मला थांबवले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की शेवटचा परिच्छेद कोठे गेला? फिरताना कोणीतरी तो कापला होता आणि त्यांच्या नायिकेचा निर्णयच उलटा झाला होता. पुढच्या अंकात आम्ही पूर्ण कथा त्यांच्या नावाने, दिलगिरीसह छापली. तेव्हापासून ‘अज्ञात’ हा शब्द मी ‘मला ठाऊक नाही’ असा वाचते, आणि मला ठाऊक नसलेले छापत नाही.

ही आठवण काढण्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. ‘कथा लांब होती म्हणून मधले दोन प्रसंग गाळले’ असे आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या अंदाजाने त्या कन्येचा राग परवानगीपेक्षा या गाळण्यावर अधिक असावा. लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरेल अशी काटछाट रोखण्याचा हक्क त्याच्या पश्चात त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींना बजावता येतो. दोन प्रसंग गाळल्याने अशी बाधा आली की नाही, हे कथा वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. पण मुलीला तसे वाटले असेल, तर तिचे वाटणे अवाजवी म्हणता येत नाही.

जुन्या दिवाळी अंकांबाबत एक मोठा गैरसमज आहे, आणि तो अनेक संपादकांनीही जपलेला आहे. आपल्याला कोणी सांगितले असेल की अंकाच्या संपादकांची परवानगी घेतली की काम झाले. बहुतेक वेळा ते तसे नसते. नोकरीत असलेल्या पत्रकाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा नियतकालिकातील प्रसिद्धीपुरता हक्क मालकाकडे जातो, हे खरे. परंतु दिवाळी अंकाला कथा पाठवणारा लेखक त्या अंकाचा नोकर नसतो. त्याला मानधन मिळते, पुष्कळदा तेही मिळत नाही, आणि लेखी करार तर जवळजवळ कधीच होत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तसे काही झाले नसेल तर अंकाला कथा एकदा छापण्याची मुभा होती आणि बाकी सर्व लेखकाकडेच राहिले, असे मी धरून चालते. लेखी करार असला तरी त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षेच धरतात. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आली, तिच्याआधीच्या करारांना ती लागू नाही. म्हणून पुस्तकाच्या बाबतीतही ‘प्रकाशकाने हो म्हटले’ एवढ्यावर विसंबू नये, हक्क कोणाकडे आहेत हे आधी विचारावे. लेखक हयात नसेल तर वारसांना विचारावे, आणि वारस एकाहून अधिक असतील तर सर्वांची संमती घ्यावी. आपल्याकडे हे किती कठीण असते, ते सात-बाराच्या उताऱ्यावरची नावे वाचणाऱ्याला सांगायला नको. मी निदान एका वारसाकडून, इतरांच्या वतीने संमती देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे लिहून घेते. ते परिपूर्ण नाही, पण आपण शहानिशा केली होती याचा तो पुरावा राहतो.

आता गजाली, म्हणजे आपल्या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली लोककथा कोणा एकाची नसते, ती आपण आपल्या शब्दांत लिहिली तर त्या शब्दांवर आपलाच प्रताधिकार असतो. परंतु एखाद्या लेखकाने तीच गोष्ट आपल्या शैलीत लिहिली असेल, तर गोष्ट घेता येते, त्याचे शब्द घेता येत नाहीत. तोंडी सांगणाऱ्याचे काय, याबाबत वाट तितकी सरळ नाही. जाहीर भाषणाचा हक्क भाषण करणाऱ्याचा असतो, हे कायद्याने स्पष्ट केले आहे. दशावतारात राजा होऊन आयत्या वेळी संवाद रचणारा नट कलावंत म्हणून आपल्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणावर आणि चित्रणावर हक्क सांगू शकतो, आणि तो हक्क पन्नास वर्षे टिकतो. म्हणून जत्रेतला नाट्यप्रयोग भ्रमणध्वनीवर टिपून तसाच प्रसारित करणे निर्धोक नाही. ओसरीवर बसून गोष्ट सांगणारी आजी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. ती नेमकी कोठे येते, यावर मी वाद घालत बसत नाही, सरळ विचारते. गोष्ट लिहून झाल्यावर वाचून दाखवते, कोठे प्रसिद्ध होणार ते सांगते, आणि नाव घालू का, असे विचारते. कुडाळजवळच्या एका आजींनी मला बजावले होते, ‘माजा नाव खंय घालू नको हां, भावकी वाचतली.’ गोष्टीत एका जुन्या बांधाच्या भांडणाचा उल्लेख होता. तेथे नाव देणे हाच अन्याय झाला असता.

प्रमाण मराठीतली कथा मालवणीत उतरवणे किंवा तिचे अभिवाचन करून ध्वनिफीत टाकणे आपल्याला निरुपद्रवी वाटत असेल. भाषांतर, रूपांतर आणि ध्वनिमुद्रण हे सर्व मूळ लेखकाचेच हक्क आहेत, त्यामुळे तेथेही परवानगी लागते, आणि ती मागताना नेमके काय करणार ते लिहावे लागते.

परवानगीचे पत्र मी एका पानाचे ठेवते. कोणता मजकूर, कोठे पूर्वप्रसिद्ध, कोठे व कोणत्या रूपात पुन्हा प्रसिद्ध करणार, किती काळ, मानधन किती किंवा नाही, काटछाट करणार असल्यास कोणती, आणि पुढे कधीही काढून घ्यावेसे वाटल्यास कोणाला कळवायचे, इतके त्यात असते. उत्तर आले नाही तर ते होकारार्थी समजत नाही. माझ्या अनुभवात दहांतले सात-आठ जण आनंदाने होकार देतात, आणि नकार देणाऱ्यांच्या कारणांत पैसा क्वचितच असतो. आलेली पत्रे जपून ठेवावीत. आमची वीस वर्षांची पत्रे २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात एका दिवसात गेली. काही लेखक तोवर दिवंगत झाले होते, त्यांची संमती मला पुन्हा कोठून मिळणार? आता प्रत्येक पत्राची छायाप्रत संगणकावर आणि एक गावाबाहेर असते.

राहिली ती कन्या. कथा आजच काढावी, वाद मनात असला तरी काढावी. त्यांनी रीतसर तक्रार केली तर ते माध्यम चालवणाऱ्या कंपनीला छत्तीस तासांत मजकूर रोखावा लागतो, आणि न्यायालयाचा आदेश आला नाही तर एकवीस दिवसांनंतर तो पुन्हा दिसू शकतो. पण इतक्या टोकाला जाण्यात आपला काय लाभ? काढल्यानंतर त्यांना लिहावे की कथा काढली आहे, विचारायला हवे होते ते राहिले, आणि दोन प्रसंग गाळले त्याबद्दल वाईट वाटते. आपले काम दाखवण्यासाठी दोन-तीन गजाली सोबत पाठवाव्यात. परवानगी त्याच पत्रात मागू नये. पहिले पत्र माफीचेच असू द्यावे. त्यांचे उत्तर आले, तर पूर्ण कथा, त्यांनी तपासलेल्या पाठानुसार आणि त्यांनी सांगितलेल्या परिचयासह प्रसिद्ध करता येईल का, असे दुसऱ्या पत्रात विचारावे.